पेणची छत्री पेणला

मोकल सरांच्या दोन छत्र्या आहेत. एक पेणला राहते, दुसरी रोह्याला. पेणची छत्री पेण सोडत नाही आणि रोह्याची रोहा सोडत नाही. सर मात्र रोज दुपारच्या गाडीने रोह्याहून पेणला येतात आणि अंधार पडल्यावर परत जातात. त्यामुळे जुलैत स्टेशनपासून रामवाडीतल्या माझ्या क्लासपर्यंत ते रोज भिजत येतात, टॉवेलने डोकं पुसतात, आणि कोपऱ्यात टांगलेली कोरडी ठणठणीत छत्री बघून समाधान पावतात.

पहिल्या पावसाळ्यात मी विचारलं, की मग ही छत्री वापरता तरी कधी.

“चहाला जाताना,” ते म्हणाले.

चहाची टपरी आमच्या जिन्याखाली आहे.

मी कॉम्प्युटर क्लास चालवते. खाली पोह्यांची गिरणी, वर आम्ही. त्यामुळे आमच्या कीबोर्डांवर कायम एक पांढरट धूळ असते आणि मुलांना सतत भूक लागते. टॅली, टायपिंग, ऑफिसची कामं मी स्वतः शिकवते. प्रोग्रामिंग मला येत नाही आणि येतं असं मी कुणाला भासवतही नाही. पण पेणच्या आईबापांना हल्ली मुलांनी प्रोग्रामिंगच शिकायला हवं असतं. म्हणून मी खाली शिक्षक पाहिजे असा बोर्ड लावला, आणि तो बोर्ड वाचून मोकल सर वर आले.

माणूस मूळचा धरमतरकडच्या खारेपाटातला. नोकरी रोह्याजवळ धाटावला, एका रंगाच्या कंपनीत. रंग म्हणजे भिंतीला लावायचा नव्हे, कापडाला द्यायचा. तिथे ते यंत्रांची मापं सांभाळायचे, मग ती मापं कॉम्प्युटरवर आली, मग कॉम्प्युटरला आपल्या मनासारखं वागवायला म्हणून ते प्रोग्रामिंग शिकले, आणि निवृत्त होईपर्यंत त्यात चांगलेच मुरले. पहिल्या दिवशी आले तेव्हा अंगावर कंपनीचा खाकी शर्ट होता. मला वाटलं, वीज मीटर बघायला आलेत. मी त्यांना मीटर दाखवला. त्यांनी तो नीट बघितला, ठीक आहे म्हणाले, आणि मग आपण शिकवायला आल्याचं सांगितलं.

मी त्यांना एक धडा घेऊन दाखवायला सांगितलं. त्यांनी मशीन चालू केलं, थोडा वेळ शोधाशोध केली आणि माझ्याकडे वळले.

“मॅडम, खोल्या कुठं हायत?”

मी म्हटलं, एकच हॉल आहे, पण पंखे चांगले आहेत.

खोली म्हणजे काय ते मला मग कळलं, आणि तुम्हालाही सांगून टाकते, कारण ते कळल्याशिवाय मोकल सर कळत नाहीत. प्रोग्राम लिहिणारा माणूस सगळं स्वतः लिहीत नाही. दुसऱ्यांनी तयार करून ठेवलेलं सामान तो आणतो आणि वापरतो. हे सामान दर काही महिन्यांनी बदलतं, त्याच्या नव्या आवृत्त्या निघतात. एका प्रोजेक्टला जुनं सामान लागतं, दुसऱ्याला नवं. शिकाऊ मुलं काय करतात, तर सगळं सामान मशीनमध्ये एकाच जागी ओततात. नवं आलं की जुनं जातं, आणि काल धावणारा प्रोग्राम आज लंगडतो. का लंगडतो ते कुणालाच कळत नाही. हे टाळायचं तर प्रत्येक प्रोजेक्टला मशीनमध्ये वेगळी जागा करून द्यायची. तिथलं सामान तिथेच, इकडचं तिकडे नाही. पुस्तकांत त्याला एन्व्हायर्नमेंट म्हणतात. मोकल सर खोली म्हणतात.

“आमच्या कंपनीत,” ते मला म्हणाले, “पिवळ्याची बॅच निघाली की टाकी धुवायची, नळी धुवायची, मग निळ्याची लावायची. एकानं आळस केला. पिवळ्यात निळं गेलं. काय झालं?”

मी म्हटलं, हिरवं झालं असेल.

“झालं ना. आणि हिरव्याची ऑर्डर कुणाचीच नाय.”

हे वाक्य मी त्यानंतर इतक्यांदा ऐकलंय, की आमच्या गिरणीवाल्यालाही ते पाठ आहे. जाडे पोहे पातळ पोह्यांत मिसळले गेले की तो कामगाराला तेच सुनावतो.

सरांच्या बॅचचा पहिला दिवस बघण्यासारखा असतो. मुलं मोठ्या उत्साहाने येतात. कुणाला गेम बनवायचा असतो, कुणाला पैसे कमावणारं काहीतरी. सर फळ्यावर एक चौकोन काढतात, चौकोनाला दार काढतात, दाराला कडी काढतात. “आधी खोली, मग सामान,” असं म्हणतात आणि त्या दिवशी दुसरं काहीही शिकवत नाहीत. मुलं एक ओळ टाईप करतात, खोली तयार होते. दुसरी ओळ टाईप करून आत शिरतात. आत शिरलं की पडद्यावर ओळीच्या सुरुवातीला कंसात त्या खोलीचं नाव दिसतं. त्याला सर पाटी म्हणतात. पाटी मोठ्याने वाचल्याशिवाय पुढचं अक्षर टाईप करायचं नाही, असा त्यांचा नियम आहे. त्यामुळे आमच्याकडे दुपारभर “हजेरी, सर”, “क्रिकेट, सर”, “मूर्ती, सर” अशा आरोळ्या चालू असतात. फी चौकशीला आलेली एक बाई जिन्यातूनच परत गेली. तिला वाटलं वर लिलाव चाललाय.

दुसऱ्या दिवशी सर ती खोली पाडायला लावतात. कालची मेहनत आज पुसायची म्हटल्यावर मुलांचे चेहरे उतरतात. एक मुलगी तर रडकुंडीला आली होती. सर तिला म्हणाले, “रडू नको गो. खोली गेली, तू हायस ना? मग बांध परत.” तिसऱ्या दिवशी पुन्हा बांधायची. प्रोग्रामचा पत्ताच नाही.

अशाच एका तिसऱ्या दिवशी स्नेहाचे वडील जिना चढून आले. स्नेहा आमची विद्यार्थिनी, हुशार आणि तोंडाची फटकळ. वडिलांचा गणपतींचा कारखाना. हाताला पांढरं लागलेलं, तसेच आले आणि मला म्हणाले, पोरगी तीन दिवस नुसत्या खोल्या बांधते म्हणते, हे बिल्डिंगचं काम आम्ही कधी लावलं होतं?

मी त्यांना सरांकडे ढकललं. तक्रारी योग्य माणसाकडे ढकलणं हे माझं मुख्य काम आहे.

सरांनी त्यांना खुर्ची दिली आणि विचारलं, की शाडू आणि प्लास्टर तुम्ही एकाच घमेल्यात कालवता काय?

वडील म्हणाले, वेड लागलंय काय. शाडूत प्लास्टरचा चुरा गेला की माती फुकट.

“मग पोरगी तेच शिकतेय,” सर म्हणाले. “तुम्ही दोन शेड बांधल्यात. ती दोन खोल्या बांधतेय.”

वडील खुर्चीवरून उठले. मग त्यांनी स्नेहाला खडसावलं, की खोली नीट बांध, घाई करू नको. त्या दिवसापासून ते सरांचे इतके भक्त झाले, की त्यांच्या कारखान्यात आता शाडूच्या शेडवर पाटी आहे आणि कामगारांना ती वाचून आत जावं लागतं, असं स्नेहा सांगते. तिचं थोडं वाढवून सांगणं असतं.

हे झालं मशीनच्या आतलं. मशीनच्या बाहेरही सर तसेच. दुपारी येतात ते खाकी शर्टात, खांद्याला कंपनीची जुनी बॅग लावून. दाराआड खिळ्याला त्यांचा पांढरा शर्ट असतो, तो घालतात. चष्मा बदलतात. चपला बदलतात. कपाटात त्यांचा पेणचा कप, पेणचा चमचा, पेणचा कंगवा, आणि एक दिवस मला दिसलं, पेणचा साबण. रात्री जाताना हे सगळं जागच्या जागी ठेवून, पुन्हा खाकी शर्ट चढवून निघतात. मुलांनी दिवाळीत पेढ्यांचा पुडा दिला, तो त्यांनी क्लासमध्येच ठेवला आणि रोज एक याप्रमाणे चहाबरोबर खाल्ला. मी म्हटलं, घरी न्या, वहिनींना द्या. म्हणाले, “हे पेणचे पेढे हायत.”

आता एवढं झाल्यावर गावाने गप्प बसावं अशी अपेक्षा करणं चूक आहे. गिरणीवाल्याने एक दिवस मला बाजूला घेऊन सांगितलं, की ताई, ज्या माणसाचं सगळं दोन-दोन असतं त्याचं सगळंच दोन असतं. बायको रोह्याला आहे म्हणतात, पण बघितलीय कुणी? मी त्याला म्हटलं, तुझी बायको पेणमध्ये आहे, तिला तरी कुणी बघितलंय, दिवसभर तुझी भाकरी भाजत असते. तो गेला, पण शंका माझ्या डोक्यात ठेवून गेला. दुसऱ्या संसाराची नव्हे. एवढ्या शिस्तीच्या माणसाला दोन संसार झेपले नसते. पण काहीतरी होतं.

एकदाच मी त्यांना चिडलेलं बघितलं. सुट्टीत मी ठरवलं, की सगळ्या मशीनवरचं सगळं सामान एकदम नवं करून टाकावं. जुन्या आवृत्त्या कशाला बाळगायच्या? स्नेहाने वडिलांसाठी मूर्तींच्या ऑर्डरचा प्रोग्राम केला होता, तो फारच जुन्या सामानावर चालायचा. मला ते दळिद्री वाटलं. सर आधी नाय म्हणाले, मग परत नाय म्हणाले, मग खुर्चीवरून उठले.

“जुनं म्हणजे बिघडलेलं नाय, मॅडम. त्याला तेच लागतं. त्याच्यात तुमचं नवं घुसवलंत तर ते बंद पडेल. आणि बंद पडल्यावर तुम्ही त्याला काय समजावणार? तुझं चुकलं म्हणून?”

प्रोग्रामबद्दल माणूस एवढा पोटतिडकीने बोलतो याची मला गंमत वाटली. मी नाद सोडला. सामान जुनं राहिलं, प्रोग्राम चालू राहिला.

मग रोह्याची गोष्ट आली.

त्या वर्षी हायवेजवळ एक नवा क्लास निघाला. काचेचा दरवाजा, एसी, आणि पोरांना फोटो काढायला एक रंगीत भिंत. माझ्याकडचे प्रवेश गळायला लागले. काचेच्या दरवाजाशी पोह्यांच्या गिरणीने कशी टक्कर द्यावी? अशात रोह्याच्या एका कॉलेजच्या प्राचार्यांचा फोन आला. त्यांना पहिल्या वर्षाच्या मुलांसाठी प्रोग्रामिंगचा वर्ग हवा होता, कॉलेजातच, आठवड्यातून चार दिवस, आणि मोकलांचं नाव त्यांनी कुठूनतरी ऐकलं होतं. एवढी मोठी बॅच मला आयुष्यात मिळाली नव्हती. ती मिळाली असती तर क्लासचं वर्ष निघालं असतं. नाहीतर पुढच्या जूनमध्ये दरवाजा उघडायचा की नाही हा प्रश्न होता. मी घोळवून सांगत नाही, होता.

आणि मोकल सर रोह्यालाच राहत होते. कॉलेज त्यांच्या घरापासून चालत जाण्यासारखं. गाडी नाही, भिजणं नाही. मला वाटलं पेढे वाटतील.

“रोह्यात नाय, मॅडम,” ते म्हणाले.

मी कारण विचारलं. म्हणाले, रोह्यात माझ्याकडे पांढरा शर्ट नाय. मी म्हटलं, हा इथला घेऊन जा. तो पेणचा हाय, म्हणाले. मी म्हटलं, मी नवीन शिवून देते, रोह्याच्या शिंप्याकडे, रोह्याच्या कापडाचा. ते हसले, पण मान हलली नाही. क्लास बंद पडायची वेळ आलीय, हेही मी त्यांना स्पष्ट सांगितलं. तेव्हा मात्र ते खाली बघत राहिले.

“इथं तुम्ही म्हणाल ते करतो. रविवारी येतो. झाडू मारतो. पण रोह्यात मी सर नाय.”

यातून मला एवढंच कळलं, की हा माणूस अडून बसलाय. आणि अडलेल्या नवऱ्याच्या बाबतीत माझा अनुभव असा आहे, की त्याच्याशी बोलण्यात वेळ घालवू नये, बायकोला गाठावं. प्राचार्यांना शनिवारपर्यंत उत्तर हवं होतं. मी गुरुवारी, सर पेणला शिकवत असताना, दुपारची गाडी धरून रोह्याला गेले. हातात क्लासची पिशवी, तिच्यात माहितीपत्रकं, आणि डोक्यात वहिनींना सांगायचं भाषण तयार: नवरा घराजवळ राहील, जेवायला घरी येईल, भिजणार नाही.

घर अष्टमी गावाच्या बाजूला, नदीचा पूल ओलांडून. बैठं, कौलारू, स्वच्छ. दार उघडलं ते सरांच्या बहिणीने, कमळताईंनी. त्या विधवा, भावाकडेच राहतात. मी नाव सांगितलं. कमळताईंनी आत एक नजर टाकली, माझा दंड धरला आणि मला घराला वळसा घालून मागच्या पडवीत नेलं.

तिथे त्यांनी जे सांगितलं ते अगदी थोडक्यात सांगितलं. वहिनींना विसरायचा आजार होता. बरीच वर्षं झाली. अलीकडचं सगळं पुसलं गेलं होतं आणि पुसलं जात होतं; मागचं मात्र लख्ख. त्यांच्या हिशोबी सर अजून कंपनीत होते, शिफ्टला जात होते, आणि घर तेव्हा होतं तसंच असायला हवं होतं. तसं असलं की त्या खातात, हसतात, टोमणे मारतात. काही नवं दिसलं की बिथरतात. एकदा सर पेणहून निळी छत्री घेऊन घरी आले, तर रात्रभर त्या घरात कोण परका माणूस आलाय ते शोधत फिरल्या, पलंगाखालीसुद्धा. सर निवृत्त झालेत, असं सुरुवातीला त्यांना समजावून सांगितलं होतं. त्यांना वाटलं कंपनीने काढून टाकलं. रडल्या. आणि विसरल्या. दुसऱ्या दिवशी पुन्हा सांगितलं, पुन्हा रडल्या. मग सरांनी सांगणं बंद केलं आणि कंपनीचा खाकी शर्ट पुन्हा अंगात चढवला.

“इथं कॉलेजात शिकवलं तर पोरं घरी येणार,” कमळताई म्हणाल्या. “दारात येऊन सर, सर करणार. हिला काय सांगू, सर कोण?”

रोह्याची छत्री पेणला का येत नाही, हे मी त्यांना विचारलं. ते त्यांनाही माहीत नव्हतं. ते बहुधा नुसतंच वेड आहे.

माझं भाषण तिथेच संपलं होतं. मी निघते म्हटलं. पण एवढ्यात आतून आवाज आला, कोण हाय गो? कमळताईंनी माझ्या हातातली पिशवी काढून घेतली, मोबाईल तिच्यात टाकायला लावला, आणि मला आत नेलं.

भिंतीवर कंपनीचं कॅलेंडर होतं, कोणत्या वर्षाचं ते बघायचं मी टाळलं. वहिनी जमिनीवर बसून भिजवलेले वाल सोलत होत्या. गोल चेहरा, ठसठशीत कुंकू, हात भराभर चालत होते. मला वाटलं होतं, एखादी हरवलेली बाई दिसेल. या बाईंनी मला वरपासून खालपर्यंत असं बघितलं, की मीच पदर सारखा केला.

“बस गो बाय. कंपनीतून आलीस काय?”

मी खोटं बोलत नाही. ते लक्षात ठेवावं लागतं आणि तेवढा वेळ मला नसतो. पण कमळताई दारात उभ्या होत्या आणि त्यांचा चेहरा मला दिसत होता.

“हो,” मी म्हटलं.

वालावरचे हात थांबले. तेव्हा माझ्या लक्षात आलं, की केमिकल कंपनीत नवरा असलेल्या बाईकडे कंपनीतलं माणूस दुपारी घरी येतं, ते कशासाठी येतं. त्यांचं तोंड पांढरं पडत चाललं होतं.

“काय झालं त्यांना?”

“काही झालेलं नाही. धडधाकट आहेत. काम चांगलं आहे त्यांचं.”

“ते सांगायला कोण घरी येत नाय.”

खरंच होतं. मी घाईने म्हटलं, की शिफ्टची चौकशी करायला आले आहे. शिफ्टा बदलायच्या आहेत, घरच्यांना विचारून बदलायच्या असं ठरलंय. हे मला कुठून सुचलं मला ठाऊक नाही. वहिनींनी श्वास सोडला. वालांची एक ओंजळ माझ्यासमोर ठेवली, म्हणजे मीही सोलावेत. मी सोलू लागले.

मग त्या मोकळेपणाने बोलल्या. नवरा कसा आहे ते सांगितलं. घरात तोंड उघडत नाही, उघडलं की पिवळ्यात निळं. कंपनीत तरी बोलतात काय, विचारलं. मी म्हटलं, तिथेही तेच. त्या खुदकन हसल्या. माझे वाल त्यांनी तपासले, दोन परत सोलले, आणि कंपनीत बायकांना हे शिकवत नाहीत वाटतं, असं म्हणाल्या.

“कोणती शिफ्ट हवी ते सांगा,” मी म्हटलं. एकदा प्रश्न विचारला की उत्तर घ्यावं लागतं.

“फर्स्ट द्या त्यांना,” त्या म्हणाल्या. “किती दिवस झाले, सेकंडच चाललीय. दिवस असला की मला काय वाटत नाय. अंधार पडला की मी दारात बसते. पुलावरनं माणसं येतात. त्यातलं आपलं कोण, ते दिसत नाय.”

कमळताई दारातून बाजूला झाल्या. नंतर निरोप घेताना त्या मला म्हणाल्या, रोज तेवढाच वेळ कठीण जातो. दिवेलागण ते दादाची गाडी.

“दिली,” मी वहिनींना म्हटलं. “सोमवारपासून फर्स्ट.”

“तुमचा साहेब ऐकेल काय?”

“साहेब मीच आहे.”

त्यांनी पुन्हा एकदा मला वरपासून खालपर्यंत बघितलं. “बरं झालं बाईमाणूस साहेब झालं ते,” त्या म्हणाल्या. “आधीचा मेला कुणाचं ऐकत नव्हता.”

स्टेशनवर आले आणि आधी प्राचार्यांना फोन लावला. मोकल सर मिळणार नाहीत, सांगितलं. दुसरा शिक्षक शोधून देते म्हटलं. ते म्हणाले, बघतो. बघतो म्हणजे काय ते मला कळतं. मीही लोकांना तेच सांगते. ती बॅच पुढे हायवेवरच्या काचेच्या दरवाजाला गेली. गाडी यायला वेळ होता. मी बाकावर बसून हिशोब मांडला, तो जमला नाही, पुन्हा मांडला, तरी जमला नाही. मग मी दुसरं काम हातात घेतलं आणि क्लासचं वेळापत्रक उलटं केलं. प्रोग्रामिंग सकाळी, टॅली आणि टायपिंग संध्याकाळी. संध्याकाळी उशिरापर्यंत मी बसायचं.

शुक्रवारी सकाळी ते फळ्यावर लिहिलं. मुलांनी कुरकुर केली. स्नेहा म्हणाली, मॅडम, इतक्या सकाळी डोकं चालत नाही. मी म्हटलं, दुपारीही चालत होतं असं माझ्या पाहण्यात नाही. दोघंतिघं सोडून गेले. बाकीचे डोळे चोळत येऊ लागले.

पण ते पुढचं. त्या शुक्रवारी सर नेहमीप्रमाणे दुपारी आले. कमळताईंनी रात्री त्यांना सगळं सांगितलेलं असणार, कारण आले ते थेट माझ्याकडे बघत आले. मग त्यांची नजर फळ्यावर गेली. ते फळ्यासमोर उभे राहिले आणि त्यांनी सगळं वेळापत्रक वाचलं, टायपिंगसकट, ज्याच्याशी त्यांचा काही संबंध नव्हता. मी पावतीपुस्तकात तोंड घातलं होतं.

“मॅडम,” ते म्हणाले. “रोह्याची बॅच?”

“गेली.”

“आणि क्लास?”

“क्लासचं मी बघते.”

ते आणखी काहीतरी बोलणार होते. त्यांनी चष्मा काढला, आणि मला भीती वाटली की आता हा माणूस माझ्यासमोर रडतो की काय. मला ते जमत नाही. मी पुस्तक मिटलं.

“सोमवारी पहिल्या गाडीने या,” मी म्हटलं. “उशीर झाला तर लेटमार्क लागेल.”